बाळाच्या फुफ्फुसातली गाठ: विसाव्या आठवड्यातली भीती आणि बत्तिसाव्या आठवड्यातला दिलासा

प्रश्न थोडक्यात असा. पहिलं गरोदरपण, २१ वा आठवडा. अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये बाळाच्या डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या खंडात ३ × २.५ × २ सेंटिमीटरचा वेगळा भाग दिसला. त्यात पाण्याच्या पिशव्या आहेत, सर्वांत मोठी ८ मिलिमीटरची. हृदय किंचित उजवीकडे सरकलंय. अहवालात ‘सीपॅम’ लिहिलंय. घरच्यांचं म्हणणं, २४ आठवडे व्हायच्या आत मोकळं व्हा. एका डॉक्टरांनी सांगितलं, काही नसतं, आपोआप जातं. सासूबाईंना ग्रहणाची शंका आहे आणि तुम्हाला आतेभावाशी झालेल्या लग्नाची. बाळ जगेल का, ऑपरेशन लागेल का, पुढच्या मुलालाही असंच होईल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

ताई, मी लहान मुलांची सर्जरी करतो आणि हा अहवाल हातात घेऊन आलेली जोडपी मला नेहमी भेटतात. तुम्ही दिलेल्या मापांवरून सांगतो: तुमच्या बाळाची गाठ आज तरी धोक्याच्या रेषेपासून बरीच लांब आहे. केवळ या निदानावरून गर्भपात करावा असं यात काही नाही. पण ‘आपोआप जातं’ हेही मला मान्य नाही. या आजारात घरच्यांची दोनदा फसगत होते. विसाव्या आठवड्यात नको तितकी भीती वाटते आणि बत्तिसाव्या आठवड्यात नको तितका दिलासा मिळतो. दोन्हींबद्दल सविस्तर लिहितो.

आधी हे आहे काय ते. सीपॅम म्हणजे कंजेनिटल पल्मनरी एअरवे मालफॉर्मेशन. फुफ्फुस घडताना श्वासनलिकेच्या फांद्या फुटत जातात आणि त्यांच्या टोकांना वायुकोश तयार होतात. ही घडण एखाद्या भागात वेळेआधी अडली की तिथे वायुकोशांऐवजी पिशव्या नाहीतर घट्ट, पांढरट गोळा तयार होतो. तो भाग श्वासाच्या कामाचा नसतो. बहुतेक वेळा एकाच फुफ्फुसाच्या एकाच खंडात हे होतं, बाकीचं फुफ्फुस चांगलं असतं. १९४९ साली चिन आणि टँग या डॉक्टरांनी याचं पहिलं नीट वर्णन केलं. १९७७ मध्ये स्टॉकर यांनी पिशव्यांच्या आकारावरून तीन प्रकार पाडले आणि पुढे त्यांचे पाच केले. जुन्या कागदांवर याच आजाराला ‘सीसॅम’ म्हटलेलं आढळेल. तो वेगळा आजार समजू नका.

ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. तुम्ही काय खाल्लं, कुठे प्रवास केला, भाजी चिरली का, कशाचाही नाही. नात्यातल्या लग्नामुळे काही आनुवंशिक आजारांची शक्यता वाढते हे खरं, पण सीपॅम त्यांत मोडत नाही. हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. पुढच्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जा. घरातला दोषारोप थांबला की बाईची निम्मी झोप परत येते, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

आता धोका कसा मोजायचा ते बघा. डॉक्टर गाठीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेतात, तिन्हींचा गुणाकार करून ०.५२ ने गुणतात आणि आलेल्या आकड्याला बाळाच्या डोक्याच्या घेराने भागतात. याला सीव्हीआर म्हणतात. तुमच्या अहवालात डोक्याचा घेर १९ सेंटिमीटर आहे. ३ × २.५ × २ म्हणजे १५, त्याचे ०.५२ पट म्हणजे ७.८, भागिले १९, उत्तर साधारण ०.४. हा आकडा १.६ च्या वर गेला की बाळाच्या अंगात पाणी साचण्याची भीती वाढते. तुमचा आकडा त्याच्या पावपटीच्या आसपास आहे.

पाणी साचणं, म्हणजे हायड्रॉप्स, हाच या आजारातला गर्भातला खरा शत्रू. गाठ मोठी झाली की हृदय एका बाजूला ढकललं जातं, हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेवर दाब येतो, रक्त मागे तुंबतं आणि बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली पाणी धरतं. अन्ननलिका दाबली गेली तर बाळाला गर्भजल गिळता येत नाही आणि आईच्या पोटातलं पाणी वाढतं. हायड्रॉप्स झालेलं बाळ काहीच न करता सोडून दिलं तर फार क्वचित वाचतं. हायड्रॉप्स नसेल, तर बहुसंख्य बाळं सुखरूप जन्मतात आणि पुढे चांगली वाढतात. म्हणून प्रत्येक सोनोग्राफीनंतर ‘गाठ आहे का’ यापेक्षा ‘पाणी कुठे धरलंय का आणि सीव्हीआर किती आला’ हे विचारा. हृदय किंचित सरकलंय या शब्दांनी तुम्ही घाबरलात. सरकलेलं हृदय नीट काम करत असेल तर नुसत्या सरकण्याने बिघडत नाही. तरी गर्भातल्या हृदयाची एकदा स्वतंत्र इको तपासणी करून घ्या.

या गाठी साधारण २० ते २६ आठवड्यांत झपाट्याने वाढतात आणि २८ व्या आठवड्याच्या आसपास वाढ थंडावते. पुढचे सहा-सात आठवडे महत्त्वाचे आहेत ते यासाठी. दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करा, शक्यतो एकाच फीटल मेडिसिन तज्ज्ञाकडे, म्हणजे गर्भातल्या बाळाचे आजार बघणाऱ्या डॉक्टरकडे. मापं घेणारा हात बदलला की आकडेही थोडे बदलतात आणि उगाच घबराट होते. सीव्हीआर १.६ च्या जवळ जाऊ लागला तर आठवड्यातून एकदा किंवा दोनदाही बघावं लागेल.

वाढलीच तर हातात काय आहे? पिशव्या ५ मिलिमीटरपेक्षा बारीक असतील, गाठ सोनोग्राफीत भरीव पांढरी दिसत असेल, तर आईला बीटामेथासोनची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने देतात. बऱ्याच बाळांत त्याने वाढ रोखली जाते आणि धरलेलं पाणीही ओसरतं. तुमच्या बाळाची एक पिशवी ८ मिलिमीटरची आहे, म्हणजे मोठ्या पिशव्यांचा प्रकार. त्यात या इंजेक्शनांचा फारसा उपयोग होत नाही. तिथे एखादी पिशवी फारच फुगली तर सुईने पाणी काढतात किंवा बारीक नळी बसवतात, जेणेकरून पिशवीतलं पाणी गर्भजलात निचरत राहील. गर्भाशय उघडून बाळाच्या छातीतला खंड काढायचा, ही शस्त्रक्रिया १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकल हॅरिसन यांच्या चमूने यशस्वी करून दाखवली. आज ती जगातल्या मोजक्या केंद्रांत आणि अगदी शेवटचा उपाय म्हणूनच होते. तुमच्या आजच्या मापांत यातलं काहीच लागणार नाही. ही माहिती अशासाठी की उद्या आकडा वाढला तरी ‘आता काही करता येत नाही’ असं कुणी म्हणालं तर तुम्ही दुसरं मत घ्यावं.

२४ आठवड्यांच्या घाईबद्दल. आपल्याकडच्या कायद्यात २४ आठवड्यांनंतर गर्भपात करायचा तर बाळात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवावं लागतं. म्हणून मुदत संपायच्या आत निर्णय घेऊन टाकू, असा दबाव घरातून येतो, कधी डॉक्टरांकडूनही. निर्णय तुमचा आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण तो घेण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात: फीटल मेडिसिन तज्ज्ञाची दुसरी सोनोग्राफी, बाळात दुसरं कोणतं व्यंग नाही याची खात्री, आणि बालशल्यचिकित्सकाशी समोरासमोर बोलणं. सुईने गर्भजल काढून तपासण्याची गरज एकट्या सीपॅममध्ये सहसा पडत नाही, कारण त्याचा गुणसूत्रांच्या दोषांशी खास संबंध दिसत नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा मेंदूत आणखी काही दिसलं तर गोष्ट वेगळी.

सोनोग्राफीत सीपॅमसारख्या दिसणाऱ्या आणखी दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या काढायलाच हव्यात. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला भोक असेल तर आतडी छातीत शिरतात आणि पाण्याच्या पिशव्यांसारखी दिसतात. तो डायफ्रॅमॅटिक हर्निया. त्याचं भवितव्य आणि उपचार अगदी निराळे. जठर पोटात जागेवर दिसतंय का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ उलगडा होतो. शंका राहिली तर गर्भाचा एमआरआय करतात, त्यात क्ष-किरण नसतात. दुसरी गोष्ट सीक्वेस्ट्रेशन. यात फुफ्फुसाचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेलाच नसतो आणि त्याला रक्त फुफ्फुसाच्या धमनीतून न येता थेट महाधमनीच्या फांदीतून येतं. ही फांदी कधी छातीत फुटते, कधी पोटात. डॉप्लर, म्हणजे सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय, लावून ती शोधायला सांगा. काही बाळांत दोन्ही आजार एकाच गाठीत मिसळलेले असतात. ही धमनी आधीच माहीत असणं ऑपरेशनच्या दिवशी जीवनमरणाचं ठरू शकतं, कारण नकळत कापली गेली तर ती आखडून पडद्याखाली जाते आणि रक्त थांबवणं फार अवघड होतं.

आता बत्तिसाव्या आठवड्याकडे येतो. यावर मी सर्वांत जास्त भर देईन. बऱ्याच बाळांत तिसऱ्या तिमाहीत सोनोग्राफीवर गाठ दिसेनाशी होते. अहवालात ‘गाठ आढळली नाही’ असं येतं, घरात पेढे वाटले जातात, आणि बाळ जन्मल्यावर कुणी त्याच्या छातीचा विषयही काढत नाही. भोवतालचं चांगलं फुफ्फुस वाढून सोनोग्राफीत तितकंच पांढरं दिसू लागतं आणि गाठ त्यात मिसळून जाते, धुक्यात पांढरी गाय दिसू नये तशी. जन्मानंतर सीटी केला की त्यातल्या बहुतेक बाळांत गाठ जागेवरच सापडते. खरोखर विरून गेलेल्या गाठी थोड्याच. जन्मल्यावर काढलेला छातीचा एक्स-रेसुद्धा साफ येऊ शकतो, त्याच्या भरवशावर राहू नका. तुमच्या बाळाची गाठ पुढे ‘गेली’ तरी आजचा अहवाल फाईलमध्ये जपून ठेवा आणि बाळाच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा.

बाळंतपणाबद्दल फार लिहायला नको. गाठ लहान राहिली तर नैसर्गिक प्रसूती चालते. सिझेरियन या गाठीसाठी करायचं कारण नाही, दुसऱ्या कारणाने लागलं तर लागलं. प्रसूती मात्र अशा ठिकाणी करा जिथे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग त्याच इमारतीत आहे आणि बालशल्यचिकित्सक बोलावला तर येऊ शकतो.

जन्मल्यावर बहुतेक बाळं रडतात, दूध पितात, आणि अंगावर काहीच दिसत नाही. ज्या बाळाला पहिल्या तासांतच दम लागतो, त्याची गाठ हवेने फुगून चांगल्या फुफ्फुसाला दाबत असते आणि त्याचं ऑपरेशन लवकर करावं लागतं. इथे माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक सूचना लिहून ठेवतो: अशा बाळाच्या एक्स-रेमध्ये मोठी काळी पोकळी दिसली की ती फुफ्फुसाबाहेरची हवा समजून छातीत नळी घालण्याचा मोह होतो. गर्भातला अहवाल आधी विचारा. नळी पिशवीत शिरली तर हवा गळत राहते, जंतुसंसर्ग होतो, आणि पुढचं ऑपरेशन कठीण होऊन बसतं.

घरी गेल्यावर लक्ष कशावर ठेवायचं? बाळ शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पोट उडणं, बरगड्यांखाली खळगा पडणं, दूध ओढताना घाम फुटणं किंवा मध्येच सोडून देणं, ओठ निळसर होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. लसी वेळेवर द्या. न्यूमोकोकल लस आता सरकारी लसीकरणात आहे, ६ आठवडे, १४ आठवडे आणि ९ महिन्यांना. घरात चुलीचा धूर, विडी-सिगारेट, डासांची कॉइल नको. मोठी हवेची पिशवी असलेल्या बाळाला ऑपरेशनआधी विमानाने न्यायचं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि पिशवी फुगू शकते.

बाळ ठीक असेल तर साधारण तीन ते सहा महिन्यांचं झाल्यावर शिरेतून औषध देऊन सीटी अँजिओग्राफी करायची. लहान मुलांचे सीटी नेहमी करणारं केंद्र निवडा. तिथे क्ष-किरणांची मात्रा बाळाच्या वजनाप्रमाणे कमी ठेवतात आणि पुष्कळदा बाळाला दूध पाजून, गुंडाळून, भूल न देताच काम भागवतात. त्या सीटीत गाठ कोणत्या खंडात आहे, किती पसरली आहे आणि तिला रक्त कुठून येतं, हे तिन्ही कळतं.

मग मोठा प्रश्न: काहीच त्रास नसलेल्या बाळाचं ऑपरेशन करायचं का? यावर जगभर दुमत आहे. काही मोठी केंद्रं त्रास नसलेल्या बाळांवर नुसतं लक्ष ठेवून त्यांना वाढू देतात आणि त्यातल्या बऱ्याच मुलांना वर्षानुवर्षं काही होत नाही. युरोपात दोन्ही मार्गांची तुलना करणारा अभ्यास हाती घेतलेला आहे. माझं मत ऑपरेशनच्या बाजूचं आहे, साधारण चार ते दहा महिन्यांच्या वयात. कारणं सांगतो. या गाठीत पुढे जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि एकदा पू झाला की फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटतं, रक्तस्राव वाढतो, दुर्बिणीतून होणारं काम छाती उघडून करावं लागतं. वर्षाच्या आतल्या बाळाचं उरलेलं फुफ्फुस वाढून मोकळी जागा भरून काढतं. तिसरं कारण क्वचितचं पण गंभीर आहे. प्ल्यूरोपल्मनरी ब्लास्टोमा नावाचा बालपणीचा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब सीपॅमसारखा दिसतो, सीटीतही, आणि काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय नुसतं लक्ष ठेवायचं तर वर्षानुवर्षं तपासणीला यावं लागतं, सीटी पुन्हा करावे लागतात. गाव बदलतं, नोकरी बदलते, बाळ हसतखेळत असतं, आणि तपासणी राहून जाते.

राहून गेलेल्या मुलांचं पुढे काय होतं, ते आमच्या ओपीडीत दिसतं. चार-पाच वर्षांचं मूल, दरवर्षी न्यूमोनिया, दरवेळी डाव्या बाजूला खाली. दरवेळी प्रतिजैविकं, थोडं बरं, पुन्हा तेच. मग क्षयाची शंका येते, कारण आपल्याकडे ती यायलाच हवी. पण थुंकीत किंवा पोटातून काढलेल्या नमुन्यात जंतू न सापडताही सहा महिने क्षयाच्या गोळ्या खाल्लेली मुलं येतात, आणि एक्स-रेमधला डाग तसाच असतो. एका मुलाला त्याच खंडात दोनदा न्यूमोनिया झाला, किंवा आजार बरा होऊनही डाग गेला नाही, तर सीटी करा आणि गरोदरपणाचे कागद पुन्हा उघडा.

ऑपरेशनमध्ये साधारणपणे तो अख्खा खंड काढतात. गाठ फार लहान आणि एका कोपऱ्यात असेल तर तेवढाच भाग काढतात, पण मागे थोडा रोगट भाग राहण्याचा धोका असतो. दुर्बिणीतून केलं तर तीन-चार बारीक छिद्रं पडतात, छाती उघडून केलं तर बरगड्यांमध्ये चीर. दुर्बिणीचा फायदा कमी वेदना, आणि पुढे बरगड्या चिकटून पाठ वाकण्याचा धोका कमी. पण पद्धतीपेक्षा हात महत्त्वाचा. ज्या सर्जनला एक पद्धत उत्तम येते त्याला दुसरीसाठी आग्रह करू नका. सर्जनइतकंच भूलतज्ज्ञांकडे बघा, कारण एवढ्याशा बाळाचं एक फुफ्फुस थांबवून दुसऱ्यावर श्वास चालू ठेवणं ही त्यांची कसोटी असते. नंतर छातीत दोनेक दिवस नळी राहते, त्यातून हवा आणि पाणी निघतं. बाळ सहसा दुसऱ्या दिवशी दूध पितं आणि गुंतागुंत नसेल तर तीन ते पाच दिवसांत घरी जातं. हवा जास्त दिवस गळणं, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके आहेतच, सही करण्याआधी ते सर्जनकडून नीट समजून घ्या.

खर्चाचं विचारायला संकोचू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली हे ऑपरेशन तुमच्या रुग्णालयात बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला बाळंतपणाच्या आधीच विचारा. बाळ आजारी असताना कागद गोळा करत फिरणं फार जड जातं.

काढलेल्या भागाचा बायोप्सी अहवाल आला की त्याची प्रत घ्या आणि कायम जपा. त्यात साधा सीपॅम निघाला, पूर्ण निघाला, तर पुढे काही भेटी आणि एखादा एक्स-रे एवढंच उरतं. एक खंड नसलेली मुलं पळतात, पोहतात, कबड्डी खेळतात. शाळेत त्यांना वेगळं वागवायचं कारण नसतं.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या मुलाचा. सीपॅम जवळपास नेहमीच त्या एका बाळापुरता असतो, पुढच्या गरोदरपणात तो पुन्हा होण्याची भीती धरू नका. एकच अपवाद. बायोप्सीत ब्लास्टोमा निघाला, किंवा तुमच्या-त्यांच्या घराण्यात कुणाला लहानपणी फुफ्फुसाची, मूत्रपिंडाची गाठ झाली असेल, तरुणपणी थायरॉइडच्या गाठी झाल्या असतील, तर डायसर-१ नावाच्या जनुकाची तपासणी करावी लागते, आधी बाळाची आणि मग आईवडिलांची. दोन्हीकडच्या आज्या हयात आहेत तोवर हे त्यांना विचारून, लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीला तो कागद सोबत आणा.